‘८.८.८.८ टाका, मेल जाईल’ : त्या फॉरवर्डमधला एकेक सल्ला तपासताना

छोट्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. ‘मेल सर्व्हरवर डोमेन सापडत नाही अशी एरर येतेय? घाबरू नका’ अशी त्याची सुरुवात, आणि पुढे सहा सल्ले. वेबसाइट उघडत असेल तर डीएनएस (डोमेनच्या नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था) ठीक आहे. सर्व्हरला ८.८.८.८, म्हणजे गुगलचा सार्वजनिक डीएनएस, लावा. डीएनएसमधलं रेकॉर्ड (नोंद) बदललं असेल तर ४८ तास थांबा. तरीही जमलं नाही तर एमएक्समध्ये (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणाऱ्या रेकॉर्डमध्ये) थेट आयपी, म्हणजे आकडी पत्ता, टाका. पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद) नसला तरी चालतो. आणि शेवटी, क्यू (पाठवायच्या राहिलेल्या मेलची रांग) रिकामी करून सर्व्हर रीस्टार्ट करा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हे सल्ले पाळून लोकांचे मेल कायमचे गेलेले मी पाहिलेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

वेबसाइट उघडली म्हणून मेलचं डीएनएस ठीक, हे पहिलंच विधान चूक आहे. ब्राउझर डोमेनचं ए किंवा क्वाड-ए रेकॉर्ड, म्हणजे त्या नावाचा आयपी पत्ता, विचारतो. मेल सर्व्हर आधी एमएक्स विचारतो, त्यातून मिळालेल्या नावाचा पत्ता मग विचारतो. पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते पाहणारी कमांड) तर एमएक्सच्या वाटेलाही जात नाही. शिवाय तुमचा लॅपटॉप ऑफिसच्या राउटरमार्फत चौकशी करतो आणि मेल सर्व्हर त्याच्या स्वतःच्या रिझॉल्व्हरकडे, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधून आणणाऱ्याकडे. दोघांना वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात.

यातला नेहमीचा घोटाळा असा. नवीन वेबसाइट करून देणारा माणूस डोमेनचे नेमसर्व्हर (त्याची डीएनएस रेकॉर्डं ठेवणारे सर्व्हर) आपल्या होस्टिंगकडे वळवतो. वेबसाइटचं रेकॉर्ड तो आठवणीने टाकतो. एमएक्स आणि एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोणी पाठवायचा ते सांगणारं रेकॉर्ड) जुन्या ठिकाणीच राहतात. साइट झकास उघडते. पण एमएक्स सापडलं नाही तर मेल डोमेनच्या साध्या पत्त्यावर पाठवायचा, असा एसएमटीपीचा (मेल पाठवण्याच्या पद्धतीचा) नियम आहे. म्हणजे तुमच्या नावाने येणारे मेल थेट वेबसाइटच्या मशीनकडे जातात आणि ते मशीन त्यांना दारातूनच परत पाठवतं. या प्रकरणात वेबसाइट उघडणं हा डीएनएस ठीक असल्याचा पुरावा नव्हे, उलट बिघाड तिथूनच सुरू झालेला असतो.

आता ८.८.८.८. या सल्ल्यावर मी जरा थांबणार आहे, कारण तो दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आहे आणि नुकसान सगळ्यात जास्त करतो.

आधी एक प्रसंग. एका पतसंस्थेने इंटरनेटची लाइन बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेर जाणारे मेल अडकले. तिथल्या मुलाने फॉरवर्डप्रमाणे सर्व्हरच्या, कोणत्या रिझॉल्व्हरला विचारायचं ते सांगणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलीत ८.८.८.८ लिहिलं. मग डिग (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) चालवून बघितलं, तर सगळ्या डोमेनांचे एमएक्स लख्ख दिसत होते. मेल मात्र जागचे हलले नाहीत. लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे तीच ओळ : ‘होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड. नेम सर्व्हिस एरर’, आणि शेवटी ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’.

डिगला सापडतं ते पोस्टफिक्सला, म्हणजे मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला, का सापडत नाही? डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांवर पोस्टफिक्सचे बरेचसे भाग क्रूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरात कोंडून, चालतात. स्वतःच्या स्पूल (मेल ठेवायच्या) फोल्डरलाच ते सगळी डिस्क समजतात. त्या फोल्डरच्या आत सेटिंगांचं एक छोटं ईटीसी फोल्डर असतं आणि त्यात रिझॉल्व्ह.कॉन्फची वेगळी प्रत असते. मुलाने बाहेरची फाइल बदलली, पोस्टफिक्स आतली वाचत राहिला. आतल्या प्रतीत जुन्या लाइनच्या कंपनीचा नेमसर्व्हर होता आणि तो आता आपल्याला उत्तर द्यायला तयार नव्हता. पोस्टफिक्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला की ही प्रत नव्याने होते. त्या दिवशी एवढंच करायचं होतं. ८.८.८.८ चा त्यात काही संबंधच नव्हता.

समजा, फाइल योग्य जागी बदलली. मग खरी अडचण सुरू होते. आत येणारा मेल घेण्याआधी बहुतेक सर्व्हर स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत पाठवणाऱ्याचा आयपी तपासतात, आणि ही तपासणीही डीएनएसनेच होते. आयपी १९२.०.२.१० असेल तर तो उलटा करून १०.२.०.१९२ च्या पुढे यादीचं नाव जोडायचं आणि विचारायचं. असं नाव नाही, असं उत्तर आलं तर माणूस स्वच्छ. १२७.०.०.२ च्या घरातलं उत्तर आलं तर तो यादीत आहे. पण चौकशी ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आली तर नेमकं कोण विचारतंय हे स्पॅमहाउसला कळत नाही. त्यांची मोफत सेवा ठरावीक वापरापुरतीच असल्यामुळे अशा वेळी ते खऱ्या उत्तराऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हा एरर कोड देतात. तुमच्या सर्व्हरला ‘काहीही उत्तर आलं तर नकार द्या’ असं सांगून ठेवलं असेल, आणि जुन्या सेटिंगांमध्ये तसंच असतं, तर तो या एररलाही ‘यादीत आहे’ असं समजतो. मग जगातला प्रत्येक पाठवणारा स्पॅमर ठरतो, तोही कायमच्या नकाराने. ग्राहकाचा मेल, बँकेचा मेल, सगळं परत. आणि परत गेलेला मेल तुमच्या सर्व्हरवर दिसत नाही, म्हणून दोन-दोन दिवस कोणाला पत्ताही लागत नाही.

मेल सर्व्हरला स्वतःचा रिझॉल्व्हर हवा. अनबाउंड हा रिझॉल्व्हर त्याच मशीनवर बसवा, रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) लिहा आणि अनबाउंडला पुढे कोणाकडे फॉरवर्ड करायला लावू नका. तो रूटपासून, म्हणजे डीएनएसच्या मुळापासून, स्वतः चौकशी करेल. मशीनला फार भार पडत नाही. सोबत पोस्टफिक्समध्ये यादीच्या नावापुढे १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं ग्राह्य असं लिहून टाका. फायरवॉलमध्ये डीएनएसचं पोर्ट ५३ यूडीपीबरोबर टीसीपी या दुसऱ्या वाहतूक पद्धतीलाही मोकळं आहे ना, तेही बघा. मोठी उत्तरं यूडीपीत मावली नाहीत की रिझॉल्व्हर टीसीपीने पुन्हा विचारतो. ती वाट बंद असली तर लांबलचक रेकॉर्डं असलेली मोजकीच डोमेनं अडतात आणि कारण कळता कळत नाही.

‘४८ तास थांबा, प्रोपगेशन होतंय.’ हा शब्द आपल्याकडे होस्टिंगवाल्यांनी रुळवलाय. रेकॉर्ड कुठे पसरत वगैरे जात नाही. ज्याने आधी विचारलं होतं त्याच्याकडे जुनं उत्तर टीटीएलची, म्हणजे उत्तर जपून ठेवायची, मुदत संपेपर्यंत जपलेलं असतं, एवढंच. ४८ तासांचा आकडा आला कुठून, तेही सांगतो. डॉट कॉमच्या सर्व्हरांवर तुमच्या नेमसर्व्हरांची जी नोंद असते तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे. म्हणजे बरोबर दोन दिवस. तो नेमसर्व्हर बदलताना लागू पडतो. एमएक्सचा टीटीएल तुम्ही ३,६०० ठेवला असेल तर जुनं उत्तर तासाभराने संपतं.

म्हणून थांबण्याआधी तुमच्या डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरला थेट विचारा. तिथे नवं उत्तर बरोबर दिसत असेल तर थांबण्यात अर्थ आहे, आणि किती थांबायचं ते रिझॉल्व्हरच्या उत्तरात उरलेल्या सेकंदांत लिहिलेलं असतं. तिथेच चूक असेल तर दोन महिने थांबलात तरी काही होणार नाही. ‘नाही’ हे उत्तरही जपून ठेवलं जातं, हे मात्र बरेच जण विसरतात. रेकॉर्ड टाकण्याआधीच उत्सुकतेने विचारून पाहिलं तर त्या रिझॉल्व्हरकडे नकार साठून राहतो. तो किती वेळ ठेवायचा, ते डोमेनच्या एसओए (डोमेनची मूळ माहिती देणाऱ्या) रेकॉर्डमधला शेवटचा आकडा आणि त्याच रेकॉर्डचा टीटीएल यांतला जो लहान असेल त्यावरून ठरतं. मेल दुसरीकडे हलवायचा बेत असेल तर टीटीएल आदल्या दिवशीच ३०० वर आणा. बदल केल्यावर कमी करून उपयोग नाही. जुनी उत्तरं घेतलेल्यांकडे जुनीच मुदत असते.

एमएक्समध्ये थेट आयपी टाकायचा सल्ला थोडक्यात निकाली निघतो. एमएक्सच्या जागी नावच लागतं. कंट्रोल पॅनेलने आयपी घेतला तरी पाठवणारा त्याला नाव समजूनच शोधतो, आणि अशा नावाचं काही नसतं. त्याच मजकुराच्या एका आवृत्तीत ‘नाहीतर सीएनेम द्या’ असंही आहे; सीएनेम म्हणजे एका नावाला दिलेलं दुसरं नाव. एमएक्सने सीएनेमकडे बोट दाखवायला १९९७ च्या आरएफसी २१८१ या इंटरनेटच्या नियमपत्रापासून स्पष्ट मनाई आहे. काही सर्व्हर ते चालवून घेतात, काही घेत नाहीत. मग ‘जीमेलवरून येतं, त्यांच्याकडून येत नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि माणूस समोरच्याला दोष देत बसतो. झोन फाइल (डोमेनच्या रेकॉर्डांची फाइल) हाताने लिहीत असाल तर नावाच्या शेवटचा टिंब बघा. तो राहिला की डोमेनला पुन्हा तेच डोमेन जोडलं जातं.

पीटीआर नसला तरी चालतो, हे कधीकाळी काही ठिकाणी चालत असेल. जीमेलला पाठवायचं तर पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर हवा, आणि पीटीआरमधलं नाव विचारलं तर तोच आयपी परत यायला हवा. नसेल तर ५.७.२५ असा नकार येतो. इथे लोक डोमेन जिथून घेतलं तिथे फोन करतात आणि दिवस घालवतात. उलटी नोंद आयपीच्या मालकाकडे असते : तुमची लाइन देणारी कंपनी किंवा क्लाउडवाला. अर्ज त्यांच्याकडेच करायचा, स्थिर आयपी आणि सर्व्हरचं पूर्ण नाव देऊन. सगळं ठीक असूनही एक दिवस अचानक नकार येऊ लागले तर सर्व्हर आयपीव्ही६ च्या (नव्या प्रकारच्या) पत्त्यावरून पाठवायला लागलाय का ते तपासा. त्या पत्त्याचा पीटीआर कोणी केलेलाच नसतो. एसपीएफही डीएनएसच्याच भरवशावर आहे. त्यात दहापेक्षा जास्त चौकश्या लागल्या तर तपासणारा सरळ कायमची चूक धरतो, आणि दोन-तीन सेवांचे इन्क्लूड (त्यांच्या एसपीएफचे उल्लेख) एकत्र आले की दहा कधी होतात ते कळत नाही.

राहिला शेवटचा सल्ला, क्यू रिकामी करण्याचा. याला माझा सगळ्यात ठाम विरोध आहे.

लॉगमधल्या त्या ओळीकडे पुन्हा बघा. ‘होस्ट नॉट फाउंड’च्या पुढे ‘ट्राय अगेन’ हे दोन शब्द होते. डीएनएसचे नकार एका जातीचे नसतात. असं नाव अस्तित्वातच नाही, हे एक उत्तर. ते आलं की मेल लगेच बाउन्स होतो, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत जातो, आणि त्यात ‘ट्राय अगेन’ नसतं. चौकशी पूर्णच होऊ शकली नाही, हे दुसरं उत्तर, म्हणजे सर्व्हफेल किंवा टाइमआउट. यात मेल परत करायचा नाही, ठेवून घ्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा, हा आरएफसी ५३२१ चा नियम आहे. पोस्टफिक्स त्यासाठी मुळात पाच दिवस देतो. सर्व्हफेल फक्त एकाच डोमेनला येत असेल तर डीएनएससेकची (उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची) पडताळणी बंद ठेवून तोच प्रश्न विचारून बघा. तेव्हा उत्तर मिळालं तर त्या डोमेनच्या सह्यांमध्ये बिघाड आहे. बऱ्याचदा नेमसर्व्हर बदलताना रजिस्ट्रीतलं जुनं डीएस (सह्यांची किल्ली ओळखणारं) रेकॉर्ड तसंच राहिलेलं असतं. ते डोमेनच्या मालकाला कळवायचं. तुमच्या सर्व्हरला हात लावायची गरज नाही.

तोपर्यंत क्यूमधला मेल तुमचा नाही. तुमच्या सर्व्हरने २५०, म्हणजे ‘मेल घेतला’, म्हटलं तेव्हा पाठवणाऱ्याच्या दृष्टीने मेल गेला, आणि तो पोचवायची किंवा परत कळवायची जबाबदारी तुमच्याकडे आली. क्यू पुसली तर पोचतही नाही आणि बाउन्सही होत नाही. पाठवणारा उत्तराची वाट बघत राहतो.

त्या पतसंस्थेत मुलगा सहाव्या सल्ल्यापर्यंत पोचला होता. पोस्टसुपर या पोस्टफिक्सची क्यू सांभाळणाऱ्या साधनाची डिलीट करणारी कमांड टाइप करून ठेवली होती, एंटर तेवढं राहिलं होतं. मी फोनवरून त्याला डीच्या जागी लहान एच लिहायला लावला. त्याने सगळे मेल होल्डवर गेले. होल्डवर असेपर्यंत पाच दिवसांची मुदत संपली तरी मेल बाद होत नाही. मग आम्ही दोघांनी स्पूलमधली ती फाइल उघडली, जुना नेमसर्व्हर बघितला, पोस्टफिक्स बंद करून सुरू केला आणि एकच मेल सोडून पाहिला. लॉगमध्ये ‘स्टेटस सेंट’ आलं. त्यानंतर मोठा एच लिहून बाकीचे सोडले. त्यात सभासदांना पाठवलेल्या वार्षिक सभेच्या नोटिसा होत्या.