करिझ्माच्या चार इंचांबद्दल, येझदीवाल्या काकांना

काका,

माझ्या गाडीवरच्या लेखाला दिलेल्या प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘एक येझदीवाला, चरई’ एवढीच सही केलीत. पण १९८२ पासून गाडी चालवताय म्हणालात, म्हणून काकाच म्हणते. उत्तराला आठवडा लागला. त्याच दिवशी लिहायला बसले असते तर भांडण झालं असतं, आणि तुमच्याशी भांडावं असं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की लेहपर्यंत जाऊन आलेल्या माझ्या हिरो होंडा करिझ्माचं, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या बाईकचं, कॅफे रेसर (नको ते काढून, हँडल खाली आणून रेसच्या गाडीसारखी केलेली मोटरसायकल) करून मी ‘चांगल्या घोड्याचं खेचर केलं’. मागे बसणाऱ्याची जागाच काढून टाकली. असले बदल कायद्यात बसत नाहीत. आणि परक्या देशातली ही फॅशन घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यांत काय कामाची? शेवटी त्यांनी विचारलंय, ‘होती तशीच नीट करता येत नव्हती का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला.

गाडी २००६ ची. २२३ सीसी, पंधरा लिटरची टाकी, दीडशे किलो वजन. मी माझ्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू. २००९ ला लेह, त्याच्या आधी आणि नंतर कोकण किती वेळा ते मोजलेलं नाही. २०१५ नंतर घरात आजारपण आलं, माझी नोकरी ऐरोलीला गेली, आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. त्यातच आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या जागेत पार्किंग नव्हतं. ताडपत्री टाकून गाडी कंपाउंडच्या भिंतीला उभी केली आणि तिने तिथे चार पावसाळे काढले. एकदा पाण्याचा टँकर मागे घेताना धक्का लागून ती आडवी झाली. पुढचं फेअरिंग, म्हणजे हेडलाइटभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, दोन ठिकाणी फुटलं, मागच्या पॅनलचे कान तुटले.

तर काका, ‘होती तशी’ करायला हेच प्लास्टिक हवं होतं. मी ते शोधलं. २०१४ मध्ये करिझ्माचं रूपच बदललं, त्यामुळे नंतरच्या गाडीचं काही जुनीला बसत नाही. डुप्लिकेट मिळालं, पण त्याची भोकं मूळ जागेपासून अर्धा-अर्धा बोट बाजूला, आणि पातळ इतकं की मीटरजवळ थरथरायचं. भंगारवाला साडेसहा हजार द्यायला तयार होता. तो ताडपत्री उचलून चाकाला लाथ मारून बघत होता तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं, आणि गाडी द्यायची नाही एवढं तिथेच नक्की झालं. पुढे काय करायचं ते मात्र तेव्हा ठरलेलं नव्हतं.

२०२१ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती, म्हणून आधी इंजिन हाती घेतलं. किक मारून बघितली तर हलेना, पिस्टन बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेला. डिझेल आणि ऑइल मिसळून प्लगच्या भोकातून आत सोडलं आणि चार दिवस तसंच ठेवलं, तेव्हा कुठे सुटला. बोअर करून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकला. टायमिंग चेन, क्लच प्लेट, सगळी ऑइल सील नवीन. टाकीच्या आत तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गंज होता. मूठभर नट आणि जुन्या चेनचे तुकडे आत टाकून मी आणि माझा भाऊ गच्चीवर ती टाकी आळीपाळीने हलवत होतो. प्रत्येक वेळी उलटी केली की तांबडं पाणी. सहाव्या खेपेला पाणी जरा स्वच्छ आलं. फेअरिंगला फायबरचं ठिगळ लावून गाडी आरटीओत नेली, तपासणी झाली, आणखी पाच वर्षं मिळाली.

आता तुमच्या घोड्या-खेचराकडे येते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चूक.

कॅफे रेसरच्या फोटोत मागचा भाग आखूड असतो. सीट जिथे संपते तिथे गाडी संपते. करिझ्माच्या चेसीची, म्हणजे सांगाड्याची, मागची नळी तेवढी आखूड नाही, सीटच्या खालून ती बरीच मागे जाते. मला ती चार इंच कमी हवी होती. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडे गाडी नेली. वयस्कर माणूस आहे. त्यांनी खडूने दोन्ही बाजूंना खूण केली, ग्राइंडर हातात घेतला, आणि चालू करायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ताई, शेवटचं विचारतो. लावू?’ मी म्हटलं, लावा. ठिणग्या उडाल्या, जळक्या रंगाचा वास आला, मिनिटभरात एक बाजू तुटून खाली पडली. तो टणकन झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांनी दुसरी बाजू कापायच्या आधी पुन्हा विचारलं नाही.

हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं. तिथे मी फक्त ‘मागचा भाग चार इंच आखूड केला’ असं एका ओळीत उरकलं होतं. ती लपवाछपवीच होती.

फेअरिंग काढलं, हँडल बदललं, टाकीचा रंग काढून पुन्हा तोच काळा दिला, हे सगळं परत फिरवता येतं. चार बोल्ट सोडले की गाडी पुन्हा जुनी. नळी कापली की परतीची वाट बंद. शिवाय त्याच नळीवर मागच्या माणसाचं वजन येतं, शॉकअपचे वरचे बोल्ट तिथून जवळच असतात, आणि मागच्या माणसाचं हँडलसुद्धा तिथेच बसतं. माझ्या आईने २००६ पासून त्या हँडलला धरून प्रवास केलाय. ती साडीत एका बाजूला बसते, उजव्या हाताने मला आणि डाव्याने ते हँडल घट्ट धरते. उपवनला तलावावर फिरायला जायचं तर रिक्षा नको, गाडीच काढ म्हणायची. कुबडवाली एकट्याची सीट बसवून मी गाडी घरी आणली तेव्हा तिने सगळीकडून फिरून बघितली, चांगली झालीय म्हणाली, आणि मग विचारलं, ‘मी कुठे बसायचं?’ तुमच्या प्रतिक्रियेत तोच प्रश्न होता.

कायद्याचंही तुमचं बरोबर आहे, आणि ज्यांना हे काम करायचंय त्यांनी नीट वाचावं म्हणून सविस्तर लिहिते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. मालकाने असा बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या आरसीवर बसणारे दोन लिहिलेत आणि गाडीवर मी जागा एकाची केली होती. यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. दुसरं, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३. मागे माणूस बसणार असेल तर त्याला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. म्हणजे आपलं साडीगार्ड. कॅफे रेसर करायला घेणारी पोरं सगळ्यात आधी तेच काढून फेकतात. मीही काढलं होतं.

आता गाडी कशी आहे ते सांगते, कारण तुम्ही बघितलेले फोटो जुने आहेत. कापलेले तुकडे मी फेकले नव्हते, का ते माहीत नाही. त्याच फॅब्रिकेटरकडे ते घेऊन गेले. त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. नळीच्या आत बसेल अशी स्लीव्ह लेथवर करून घेतली, दोन्ही बाजूंना आत सरकवली, तुकडे पुन्हा जागेवर आणले आणि गोल फिरवून वेल्डिंग केलं. लांबी (पुटी) भरून सांधा लपवायचा का विचारलं, तर मी नको म्हटलं. लपवला तर उद्या तिथे तडा गेलेला दिसणार नाही. दर महिन्याला चेन सैल-घट्ट करताना मी त्या दोन्ही सांध्यांवरून बोट फिरवते. सीट आता सपाट, लांब, दोघांची आहे. मागच्या माणसाचं मूळ हँडल परत आलंय, फूटरेस्ट आलेत, साडीगार्ड आलंय. सायलेन्सर पहिल्यापासून कंपनीचाच होता, तो मी कधी बदलला नव्हता. आरसीवर काळा रंग आहे आणि गाडीवरही काळाच. तरी कापून जोडलेली चेसी ती जोडलेलीच. पुढचं नूतनीकरण २०२६ चं आहे. तिथल्या निरीक्षकांना ते सांधे मी स्वतः दाखवणार आहे.

इथपर्यंत तुमचं ऐकलं, काका. पण ‘परक्या देशातली फॅशन’ हे मला पटत नाही.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे १९३८ चं, लॉरीवाल्यांसाठी रात्रभर उघडं राहणारं. पन्नास-साठच्या दशकात तिथे मोटरसायकली घेऊन जमणारी बहुतेक पोरं कामगारांची होती. रेसची गाडी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून रोजच्या गाडीचं नको ते काढायचं, हँडल खाली आणायचं, आणि ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर गाठायचे. नॉर्टनच्या चेसीत ट्रायम्फचं इंजिन घालून ट्रायटन करायचे. हातात आहे त्यातूनच हवं ते करून घ्यायचं, हे तर आपल्याकडे पावलोपावली दिसतं. ज्या माणसाने माझी चेसी कापली आणि जोडली, त्यांचा निम्मा धंदा दुधाचे कॅन टांगायचे हुक आणि पावाच्या क्रेटचे कॅरियर मोटरसायकलींना लावून देण्याचा आहे. तुम्ही स्वतः लिहिलंत की येझदीचं सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्टचं करून घेतलं, कारण रात्री दिव्यात काही दिसायचं नाही. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली तुमची येझदी त्यामुळे काही कमी येझदी झाली नाही.

रस्त्यांबद्दल मात्र तुमचा अंदाज खरा निघाला, फक्त कारण खड्ड्यांचं नाही. मी आधी क्लिप-ऑन लावले होते, फोर्कला, म्हणजे पुढच्या चाकाच्या दांड्यांना, थेट पकडणारी दोन आखूड हँडलं. त्यात अंगाचा भार मनगटांवर येतो. वेगात छातीवर वारा येतो आणि तो भार उचलून धरतो. कापूरबावडीच्या सिग्नलपासून माजिवड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना कुठला वारा? पंधरा दिवसांत क्लच दाबताना डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. ते काढले. आता मूळ जागेवरच बसणारं सरळ हँडल आहे, जुन्यापेक्षा दोन इंच खाली. दिसायला थोडं कमी कॅफे आहे. मला चालतं.

तसंच एअर फिल्टरचं. फोटोत छान दिसतो म्हणून पेटी काढून कार्बोरेटरला उघडा गोल फिल्टर लावला होता. करिझ्माचा कार्बोरेटर सीव्ही, म्हणजे त्याची स्लाइड केबलने नाही, हवेच्या दाबातल्या फरकाने वर जाते. पेटीतून शांतपणे येणारी हवा बंद झाली की स्लाइडला वर कधी जावं कळत नाही. गाडी मध्येच रिकामी पडायची, ओव्हरटेक करताना नेमकी. आणि पहिल्या मोठ्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यात ती दोन झटके देऊन बंदच पडली. तेव्हा ढकलत ऐरोलीच्या दिशेला बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी पेटी परत बसवली. सायलेन्सरच्या पाइपला गुंडाळलेली पट्टीही त्याच पावसाळ्यात काढली. ती पाणी धरून ठेवते आणि खाली पाइप गंजतो.

म्हणजे बघा, आज गाडीवर नवीन काय उरलं? गोल हेडलाइट, खालचं हँडल, सपाट सीट, आणि फेअरिंग गेल्यामुळे मोकळं दिसणारं इंजिन. तुम्हाला हे पुरेसं कॅफे रेसर वाटणार नाही, आणि काही वाचकांना ही हार वाटेल. मला ही गाडी पहिल्यांदाच माझ्या आजच्या दिवसांना बसलीय असं वाटतं. रोज सकाळी कळवा नाक्यावरून ऐरोली, रविवारी पहाटे येऊर, आणि मागे आई. लेहला पुन्हा जायचं ठरलं तर जुनं हँडल आणि ठिगळाचं फेअरिंग माळ्यावर चादरीत बांधून ठेवलंय, अर्ध्या दिवसात चढेल.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी मूळ लेखात दोन बदल केलेत. ‘आखूड केला’ ही ओळ काढून तिथे कापण्याची आणि जोडण्याची सगळी हकिकत लिहिलीय. आणि नळी कुठून किती कापायची याचं मोजमाप दिलं होतं, ते पूर्ण काढलंय. तेच मोजमाप वाचून तीन जणांनी मला निरोप पाठवले होते. दोघांना उशीर झाला, त्यांच्या गाड्या कापून झाल्यात. त्यांना स्लीव्हचं काम कसं केलं ते कळवलंय. तिसरा मुलगा कळव्याचा आहे, त्याच्या वडिलांची पल्सर आहे. त्याला मी परवा फोन केला. शनिवारी कापायला नेणार होता, म्हणाला. गाडी अजून अख्खी आहे.