गाडीला थंडी मारत नाही, ओल मारते

ऑक्टोबर उजाडला की कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरायला लागतो. गॅरेज नसलेल्यांनी आपली जिवापाड जपलेली गाडी हिवाळाभर ड्राइव्हवेवर कशी ठेवावी, याचा. मजकूर थोडक्यात असा: थंडीत लोखंडाला गंज चढत नाही, त्यामुळे काळजी नको. गाडी जाड प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट बांधा. वर बर्फ साचला तर साचू द्या, तो पांघरुणाचं काम करतो. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, बॅटरी आणि इंजिन दोन्ही ठणठणीत राहतील. हँडब्रेक ओढून ठेवा, टायरमधली हवा थोडी कमी करा, टाकी रिकामी ठेवा. ऊन पडलं की एक चक्कर मारून आणा.

गाडी उघड्यावर ठेवणं हीच चूक, असं माझं म्हणणं नाही. टाउनहाऊसला गॅरेज एकच, त्यात रोजची गाडी आणि मुलांच्या सायकली. दुसऱ्या गाडीला जागा उरत नाही. माझी नव्वदच्या दशकातली, कापडी छताची माझदा मियाटासुद्धा हिवाळ्यात बाहेरच असते. नीट ठेवली तर गाडी बाहेर सुखरूप राहते. पण या संदेशाने शत्रूच चुकीचा धरला आहे. तो थंडीशी लढायला सांगतो आणि त्या नादात गाडीभोवती, गाडीच्या आत आणि अगदी इंजिनातसुद्धा पाणी कोंडतो.

“थंडीत गंज चढत नाही”

यात तथ्य आहे, पण ते विनिपेगसारख्या, सतत गोठलेल्या ठिकाणच्या हिवाळ्याचं. गंजाला पाणी आणि प्राणवायू लागतो, आणि तापमान दहा अंशांनी उतरलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. उणे वीसमध्ये सगळं गोठलेलं असताना स्वच्छ पत्र्याला फारसं काही होत नाही. टोरांटो, हॅमिल्टन, बफेलो या सरोवरांच्या पट्ट्यात मात्र पारा एका जागी थांबत नाही. तो मधूनमधून शून्याच्या वर जातो, बर्फ वितळतो, पाणी पत्र्यांच्या जोडांत शिरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे रंगातली बारीक भेग दर वेळी थोडी थोडी रुंदावते.

गाडीच्या पोटाला रस्त्यावरचं मीठ लागलेलं असेल तर शून्य अंशाचा हिशेबच संपतो. साध्या मिठाचं पुरेसं खारट पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहतं. मॅग्नेशियम क्लोराइडचं उणे ३३ पर्यंत, कॅल्शियम क्लोराइडचं उणे ५० च्या आसपास. ही शेवटची दोन तर हवेतली आर्द्रता ओढून घेतात आणि लवकर कोरडी पडत नाहीत. खाऱ्या वाऱ्यात खिडकीच्या गजांचं काय होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये नेली, तर ती बाहेरच्यापेक्षा लवकर गंजते. म्हणजे गॅरेज मिळालं की सुटलो, असंही नाही.

म्हणून रस्त्यावर पहिलं मीठ पडण्याआधी गाडी उभी करायची. दक्षिण ओंटारिओत ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात ही वेळ धरावी. आधी ती खालून धुवायची, मग पूर्ण वाळेपर्यंत चालवायची. दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या) खालची निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करायची. मियाटात तर यावरच सगळं अवलंबून आहे. तिच्या कापडी छताचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि मागच्या चाकापुढचा भाग आतून सडतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आत जाळी झालेली असते. जुनी मियाटा घ्यायला गेलेला जाणकार पहिला हात तिथेच फिरवतो.

“प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट बांधा”

हा सल्ला आपल्याला चटकन पटतो, कारण तो आपल्या पावसाळ्यातून आला आहे. जूनमध्ये स्कूटरवर प्लॅस्टिक बांधायचं, ही आपल्या हाताची सवय. पण त्या प्लॅस्टिकखाली सीटवर बुरशी धरते, हेही आपण पाहिलेलं आहे. इथे तेच होतं, फक्त पत्र्यावर. जमिनीतून ओल वर येते, रात्री ताडपत्री आणि पत्रा झपाट्याने गार होतात, ती वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते आणि बाहेर जायला वाट नसते. वरून वाऱ्याने ताडपत्री फडफडते, आत अडकलेली धूळ रंगावर घासते आणि वसंतात क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, ओरखड्यांचे पांढरट पट्टे दिसतात.

प्लॅस्टिक वापरायचंच तर ते गाडीच्या खाली अंथरा. जमिनीतली ओल तिथेच अडते. डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर गाडी उभी करा. गवतावर कधीच नको. तिथून ओल थेट चेसिसला लागत राहते. वरून हवा खेळू देणारं, अनेक थरांचं, गाडीच्या मापाचं कव्हर घाला, तेही गाडी स्वच्छ धुऊन, वॅक्स करून. कव्हर भिजून रंगाला चिकटून गोठलं असेल तर ओढू नका, पारा वर जाईपर्यंत थांबा. त्याहून चांगली सोय म्हणजे क्वेबेकमध्ये हिवाळ्यात घरोघरी दिसणारे, पाइपच्या सांगाड्यावर कापड ताणलेले तात्पुरते मंडप. त्यात हवा खेळते आणि गाडीला काही टेकत नाही. पण आपल्या नगरपालिकेला ते चालतात का, हे आधी विचारून घ्या आणि त्यांच्या छतावरचा बर्फ वेळोवेळी उतरवा.

“बर्फ पांघरुणाचं काम करतो”

बर्फ उष्णता अडवतो हे खरं. हिवाळी गहू त्याच्याच आधाराने तगतो. पण पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवतं. बंद गाडीला स्वतःची ऊब नसते. जमिनीची ऊब तेवढी असते, आणि बर्फाखाली ती पत्र्याला शून्याच्या आसपास, ओलसर ठेवते. ज्या कडक थंडीने गंज थांबतो असं संदेशाच्या पहिल्या ओळीत म्हटलं आहे, तीच थंडी इथे गाडीपासून दूर ठेवली जाते. संदेशातले हे दोन मुद्दे एकमेकांना खोडतात.

वजनाचा मुद्दा वेगळाच. ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो असतं, तोच बसला की २०० ते ३००, पावसाने भिजला की आणखी जास्त. अर्धा मीटर बसलेला बर्फ म्हणजे छताच्या दर चौरस मीटरवर सव्वाशे किलो. पोलादी छत ते पेलेल. कापडी छत, त्याचा सांगाडा आणि मागची प्लॅस्टिकची खिडकी पेलणार नाही. आणि अर्धा मीटर म्हणजे काही अतिशयोक्ती नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्क भागात एकाच वादळात २ मीटरच्या आसपास बर्फ पडला होता.

बर्फ काढताना फोमचा मऊ झाडू वापरा आणि शेवटचा पातळ थर राहू द्या. फावडं लावू नका, गरम पाणी ओतू नका. मियाटाचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, जोरात दाबलं तरी पोचा पडतो.

“दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा”

संदेशातला हा सर्वांत प्रिय सल्ला, आणि सर्वांत घातक. लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्याकडे अनेकांनी हेच केलं. तिथे हवा तीस अंशांची होती. उणे दहामध्ये गणित बदलतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी जुळतो आणि त्याचं पाणी होतं, वाफेच्या रूपात. थंडीत सायलेन्सरमधून जो पांढरा धूर दिसतो, तो हाच. इंजिन आणि एक्झॉस्ट तापलेले असले की ही वाफ बाहेर पडते. दहा मिनिटं जागेवर चालवून एक्झॉस्टचं मागचं टोक तापत नाही, तेलही तापत नाही. वाफ सायलेन्सरमध्ये निवते, आम्लयुक्त पाणी होऊन तळाला साचते आणि पत्रा आतून खाते. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळते. तेलाच्या झाकणाखाली मलईसारखा पिवळट थर दिसतो, तो याचाच. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं पेट्रोल तेलात उतरून तेल पातळ करतं. पुढच्या रविवारी हे सगळं पुन्हा. हिवाळाभर असं केलेली गाडी बंद ठेवलेल्या गाडीपेक्षा जास्त झिजते.

बॅटरीचंही भलं होत नाही. थंड बॅटरी चार्ज हळू घेते, आणि हीटरचा पंखा, मागच्या काचेची जाळी, दिवे चालू असले की जागेवर चालणाऱ्या इंजिनाकडून तिला फारसं काही उरत नाही.

इंजिनासाठी करायचं ते आधीच करा. उभी करण्यापूर्वी तेल आणि फिल्टर बदला, कारण वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी असतं. कूलंट तपासून घ्या. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, असं मात्र नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी राहिलं असेल तर तेही काढा. मग किल्ली काढा आणि वसंतापर्यंत इंजिनाला हात लावू नका.

बॅटरीबद्दल थोडं अधिक

बंद गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म, संगणक यांच्यासाठी वीज घेत राहते. ३० मिलीअँपिअर धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास, महिन्याला वीसच्या वर. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्मी होते. आणि इथे थंडी खरोखर मारते. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे ६० च्या आसपासही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरलेलं असतं, आणि ते उणे दहाच्या आसपास गोठून बॅटरी फोडू शकतं. बॅटरी काढून घरात आणा आणि मेंटेनर चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर) लावा. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज जुन्या लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळातला आहे, तो सोडून द्या. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल, तर बॅटरी काढल्यावर डिकी लावून घेऊ नका.

हँडब्रेक, हवा, टाकी

हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड किंवा शू गंजून चिकटतात, केबलमधलं पाणी गोठतं आणि एप्रिलमध्ये चाक फिरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा.

हवा कमी करणं तर पूर्ण उलटं. दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने आपोआप उतरतो. वीस अंशांत भरलेला टायर उणे पंधरामध्ये सहा पीएसआयने कमी भरतो आणि बसल्या जागी चपटा होतो. म्हणून थोडी जास्तच भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. उन्हाळी कामगिरीचे मऊ टायर असतील तर उणे सातच्या खाली गाडी हलवूसुद्धा नका. त्यांचं रबर त्या थंडीत ठिसूळ होऊन तडकू शकतं.

टाकी रिकामी ठेवण्याचा सल्ला जुन्या गाड्यांना विशेष बाधतो. त्यांची टाकी पोलादी असते आणि रिकामा भाग आतून गंजतो. टाकी जवळजवळ भरा, पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाला आणि मग थोडी चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. टाकी प्लॅस्टिकची असेल तर गंजाची भीती नाही, पण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल ओढतंच.

उंदरांचा संदेशात उल्लेखच नाही. वायरिंग कुरतडून ते जेवढं नुकसान करतात, तेवढं थंडी करत नाही. सायलेन्सरचं तोंड आणि हवा आत घेणारी नळी स्टील वूलने (पोलादी तारांच्या बारीक गुंत्याने) बंद करा आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. गाडीत बिस्किटाचा कणही ठेवू नका.

“ऊन पडलं की एक चक्कर मारून आणा”

फेब्रुवारीतल्या कोरड्या, लखलखीत दिवशी रस्ता पांढरा दिसतो, तो मिठाने. एका चक्करीत ती पूड चेसिसच्या प्रत्येक फटीत जाते, आणि पहिल्या मिठाआधी गाडी धुऊन उभी करण्याचे कष्ट वाया जातात. दुसरं कारण विम्याचं. ओंटारिओत हिवाळ्यापुरता रस्त्यावरचा विमा ओपीसीएफ १६ या जोडपत्राने थांबवता येतो, हप्ता कमी होतो आणि चोरी, आग, कोसळलेली फांदी यांचं संरक्षण चालू राहतं. पण तो पुन्हा सुरू करून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा.

त्या दिवशी कव्हर सैल करा, दोन-तीन तास वारा लागू द्या. खाली वाकून पाणी कुठे साचलंय का, उंदरांच्या लेंड्या दिसतात का ते बघा. छताखालच्या गालिच्यावर हात फिरवून ओल तपासा आणि संध्याकाळी गार व्हायच्या आत पुन्हा झाका. चक्कर एप्रिलमध्ये, दोन-तीन जोरदार पावसांनी रस्ते धुतल्यावर. निघण्याआधी सायलेन्सरमधलं स्टील वूल काढा.