‘स्टेनलेस आहे, कुठंही ठेवा’ हा सल्ला माल नासवतो

फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. तो थोडक्यात असा: स्टेनलेस स्टील गंजत नाही, त्यामुळे लोखंडाशेजारी, उघड्यावर, कसंही ठेवा. डाग पडले तर माल बनावट, चुंबक लावून खात्री करा. पत्र्यावर प्लास्टिकची संरक्षक फिल्म असेल तर काळजीच नको. आणि तरीही डाग आलाच तर तारेचा ब्रश मारा, नाहीतर ॲसिडनं पुसा. हे ऐकून चांगला माल खराब होतो आणि बोल मात्र विक्रेत्याला लागतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गंजत नाही’ हे अर्धंच खरं आहे. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, ३०४ या नेहमीच्या ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के. हवेतला ऑक्सिजन मिळाला की हे क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतं. त्याची जाडी काही नॅनोमीटर, बस्स. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, पण त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ हवा आणि हवा लागायला हवी.

लोखंडाशेजारी ठेवलं की नेमकं हेच बिघडतं. एकाच शेडमध्ये एका टोकाला एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं (माइल्ड स्टीलचं) ग्राइंडिंग चालू असतं. उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, आणि तो स्टेनलेसच्या पत्र्यावर जाऊन चिकटतो. त्या दिवशी काही दिसत नाही. पावसाळी हवा सुरू झाली की तपकिरी ठिपके उठतात. सुरुवातीला गंजतो तो कण, पत्रा नव्हे. पण तसाच राहू दिला तर त्याच्याखाली पत्र्यालाही खड्डे पडू शकतात. ठिणग्याच कशाला, एमएस अँगलचा उघडा रॅक, क्रेनची साखळी, फोर्कलिफ्टचे काटे, पत्र्यावरून चालणाऱ्याच्या बुटांना लागलेला कीस, आधी लोखंडावर चाललेलं ग्राइंडिंग व्हील, सगळे तेच करतात. स्टेनलेसला जागा वेगळी द्या. तेवढी जागा नसेल तर मध्ये ठिणग्या अडवणारा पक्का आडोसा हवा. रॅकवर कोरड्या लाकडी फळ्या किंवा रबर, उचलायला नायलॉनचे पट्टे. ब्रश, व्हील, कानशी वेगळ्या, आणि त्यांना रंग लावून ठेवा म्हणजे कुणी चुकून उचलणार नाही.

शंका असेल तर पत्रा ओला करून वाळू द्या, असं काही वेळा करा. लोखंड असेल तर ठिपके दिसतात. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि नायट्रिक आम्लाच्या द्रावणानं निळा डाग उठून ते लगेच कळतं. मात्र दूध किंवा अन्न ज्याला लागणार त्या पृष्ठभागावर ती चाचणी नको.

चुंबकाचा मुद्दा लवकर संपतो. ४३० या ग्रेडला चुंबक चिकटतो आणि ते स्टेनलेसच आहे. ३०४ वाकवलं, दाबलं की त्यालाही थोडा चिकटतो. उलट कमी निकेलच्या २०२ ला जवळजवळ चिकटतच नाही. ग्रेडबद्दल वाद असेल तर तुकडा तपासणीला द्या, आणि त्यासाठी पत्रा कापताना हीट नंबर (भट्टीतल्या ज्या घाण्यातून माल आला त्याचा क्रमांक) असलेलं टोक शेवटपर्यंत राखा.

फिल्म ही ओरखड्यांसाठी असते. उन्हात पडून राहिली की तिचा गोंद पत्र्यावर धरून बसतो आणि निघता निघत नाही. कडेनं पाणी शिरलं तर ते आत कोंडतं. तिथं हवा पोचत नाही, थर धरत नाही. एकावर एक आडव्या रचलेल्या पत्र्यांमध्येही पाणी असंच ओढलं जातं. पत्रे कोरड्या जागी, जमलं तर तिरक्या स्टँडवर उभे ठेवा, आणि ओलं झालेलं पॅकिंग त्याच दिवशी काढा.

खाडीकाठी, कोकणात किंवा गोव्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वर छप्पर आणि बाजू उघड्या, अशी शेड सुरक्षित वाटते, पण तिथं खारी हवा येते आणि पाऊस मात्र मीठ धुऊन नेत नाही. मीठ साचत जातं, आणि त्यातलं क्लोराइड तो थर फोडतं. ३१६ मधलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम बराच काळ तग धरतं, पण साचलेलं मीठ त्यालाही सोडत नाही. बाजू बंद करा, माल झाका, अधूनमधून गोड्या पाण्यानं धुऊन कोरडा करा.

राहिला डाग काढण्याचा उपाय. साध्या तारेचा ब्रश म्हणजे आणखी लोखंड घासणं. फरशी धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, म्हणजे पुन्हा क्लोराइड. त्याची सैल बुचाची बाटली गोडाउनात असली तरी वाफा पत्र्याला लागतात. ब्रश स्टेनलेसचाच हवा, लोखंडाला कधी न लागलेला. रुतलेलं लोखंड पिकलिंग पेस्टनं निघतं, पण त्यात सहसा नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं आणि ते कातडीतून आत जातं. म्हणून ते काम शिकलेल्या माणसानंच, हातमोजे, चष्मा, चेहऱ्याची ढाल आणि त्या आम्लानं भाजलं तर लगेच लावायला जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवून करावं, नंतर भरपूर पाण्यानं धुवावं. आणि धुतलेला पत्रा परत ठेवण्याआधी रॅकला लाकूड किंवा रबर लावून घ्यावं.