जित्याची खोड

मराठीत ‘ते खोड’ झाडाचं आणि ‘ती खोड’ माणसाची. जपानी मेपलला दोन्ही असतात, आणि आपण भाळतो ते दुसरीवर.

साधा मेपल तसा सरळमार्गी. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये त्याला ‘पामेटम’ म्हटलं, कारण पान पसरलेल्या पंजासारखं. जपान्यांना त्यात आधीच बेडकाचा पंजा दिसला होता. त्यांचा ‘काएदे’ हा शब्द ‘बेडकाचा हात’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला. थंडी, अर्धी सावली आणि निचऱ्याची माती मिळाली की हा बेडूकपंजा निमूट वाढतो. पण निमूट झाड कुणाला हवंय? आपल्याला पान सुतासारखं चिरलेलं हवं, चुरगळलेलं हवं, पांढऱ्या शिंतोड्यांचं हवं. नावाच्या जाती हजाराच्या वर गेल्या आहेत आणि त्यांतली पुष्कळ झाडं म्हणजे रानात असती तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत मेली असती अशी रोपं. माणसाला ती आवडली, म्हणून वाचली. माझं स्पष्ट मत आहे की दुर्मिळ जात म्हणजे नाव मिळालेलं व्यंग.

नावात पत्रिका असते, ती आधी वाचावी. ‘निशिकी’ म्हणजे जरतारी, म्हणजे पानावर ठिपके-पट्टे, म्हणजे उन्हाला भिणारं. ‘शिदारे’ म्हणजे झुकणारं. त्याला काठी बांधली नाही तर ते जमिनीवर लोळत वाढतं. ‘हिमे’ म्हणजे राजकन्या, आणि वागणूकही तशीच. ‘यात्सुबुसा’ म्हणजे बुटकं, दाट. आतल्या काड्या सावलीने वाळणार.

आता ‘उकिगुमो’ घ्या. अर्थ ‘तरंगते ढग’. पानावर हिरव्यात पांढरा-गुलाबी धुरळा, पाहताक्षणी माणूस खलास. पण पानाचा पांढरा भाग म्हणजे घरातला बिनकमाईचा मेहुणा. त्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे तो काही शिजवत नाही, आणि दुपारचं ऊन लागलं की सगळ्यांत आधी तोच करपतो. म्हणून सकाळचं कोवळं ऊन, दहा-अकरानंतर उजेडाची सावली, आणि वाऱ्याला आडोसा. वारा लोक विसरतात. पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळांनी पाठवलं नाही की सर्वांत लांबच्या टोकाला आधी टंचाई होते. म्हणून तपकिरी रंग कडेवरून आत सरकतो. जड पाण्यातले क्षार कुंडीत साठले तरी कड अशीच जळते.

इथे हमखास एक चूक होते. कड करपली, म्हणजे झाड तहानलं, म्हणजे ओता पाणी! माती आधीच ओली असेल तर मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, कड आणखी करपते आणि आपण आणखी ओततो. बोट मातीत दोन पेरं घालून बघावं, एवढाच उपाय आहे. आणि जळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. रोज सकाळी चष्मा लावून त्याच पानाची कड तपासणाऱ्यांनी (यात मीही आलो) हे एकदा मनाशी लिहून ठेवावं.

शिंतोड्यांच्या झाडाला मधूनच एखादी सणसणीत हिरवीगार फांदी फुटते. आपल्याला वाटतं, चला, तब्येत सुधारली. तब्येत नाही सुधारली, झाड शहाणं झालंय. त्याला पूर्वजांचा हिरवा रंग आठवलाय. ती फांदी पूर्ण कमावती असल्याने दुप्पट वेगाने वाढते आणि दोन-तीन वर्षांत ढगबिग सगळे गिळून टाकते. तिथे दया दाखवू नये, बुडापासून कापावी. नत्राचा खुराकही आवरता घ्यावा, कारण भरपूर नत्र मिळालं की पानावरचा पांढरा रंग कमी होतो.

बियांपासून या खोडी जशाच्या तशा उतरत नाहीत, म्हणून कलम. साध्या मेपलचं पेन्सिलीएवढ्या जाडीचं कुंडीतलं रोप हा खुंट, म्हणजे कलमाचा मुळांकडचा भाग. हिवाळा सरताना तो जरा उबेत आणायचा आणि मुळांची पांढरी टोकं दिसली की कामाला लागायचं. खुंटाच्या बाजूला, शक्य तितकं खाली, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा तिरका काप द्यायचा. हव्या त्या जातीची, झोपलेल्या, म्हणजे अजून न फुगलेल्या डोळ्यांची काडी घ्यायची, डोळ्यांच्या एक-दोन जोड्या पुरेत. काडीला पाचर करून ती कापात बसवायची. जाडी जुळत नसेल तर मधोमध बसवण्याचा मोह टाळून एका कडेला सरकवायची, कारण जोड लागतो तो सालीखालच्या हिरव्या थराशी. मधलं लाकूड नुसतं बघ्या असतं. पट्टी घट्ट गुंडाळायची, वर प्लास्टिकची पिशवी आणि सहा आठवडे हात मागे बांधून बसायचं. हे शेवटचं काम सर्वांत अवघड.

उन्हाळ्याच्या शेवटी कलम करतात तेव्हा काडीची पानं छाटून देठ ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावावं. टपकन गळून पडला तर काडी जिवंत, सुकून चिकटून राहिला तर गेली. जे पडतं ते जगलं आणि जे धरून बसलं ते मेलं, हे हिशेबात बसायला वेळ लागतो.

कलम लागलं तरी खुंट गप्प बसत नाही. जोडाखालून धुमारे फुटतात, साध्या मेपलचे, दांडगे. ते वेळेवर खुडले नाहीत तर काही वर्षांनी आपल्याकडे उत्तम प्रकृतीचा साधा मेपल असतो आणि त्याच्या गळ्यात भारी नावाची पाटी.

बोन्सायवाल्याचं दुखणं वेगळं. बागेत जोडाची गाठ झुडपात लपते, उथळ कुंडीत ती डोळ्यांसमोर असते. ‘आराकावा’ची खोड म्हणजे खडबडीत, भेगाळलेली साल. तिचं कलम केलं की वर खवल्यांचा जाड कोट आणि खाली खुंटाचे गुळगुळीत उघडे पाय. म्हणून आराकावा गुटी कलमाचाच, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून वेगळा केलेला घ्यावा. पानं टणक झाली की फांदीच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट रुंदीची साल गोल काढायची आणि उघडं लाकूड खरवडून काढायचं. सालीखालच्या थराचा एक धागा जरी राहिला तरी झाड त्यावरून पूल बांधतं आणि मुळं फोडायचं विसरतं. वरच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर, भोवती भिजवून पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ, त्यावर प्लास्टिक. सहा ते दहा आठवड्यांत मुळं दिसतात. पहिलं पांढरं मूळ दिसताच कापू नये. मुळं भरून तपकिरी झाली की कापावं, आणि शेवाळ न सोडवता तसंच लावावं. ती मुळं काचेसारखी तुटतात.

मग येतं खुडणं. वसंतात डोळा फुगतो, खवले मागे वळतात आणि मिटलेल्या छत्र्यांसारखी दोन पानं बाहेर येतात. त्यांच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढं एक टोक असतं. पुढची अख्खी फांदी त्यातच. चिमट्याने पानं अलगद बाजूला करून ते टोक उचलायचं. काड्या आखूड राहतात, पुढे बारीक होत जातात. प्रत्येक डोळ्याला मुदत एक-दोन दिवसांची, आणि सगळे डोळे एकदम उघडले तर तो मेपल कसला? म्हणजे पंधरा-वीस दिवस रोजची हजेरी. एक दिवस लग्नाला जावं तर परत येईपर्यंत शेंड्याने बोटभर लांब पेर टाकलेलं असतं.

‘कियोहिमे’ या राजकन्येला तर डोकंच वर काढायचं नसतं. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे, हिचा सगळा बाजूंना. खालच्या फांद्या फोफावतात, मधला शेंडा उपाशी मरतो. बाहेरच्या फांद्या वरचेवर विरळ करत राहिलं तरच वर काही टिकतं. तिला उंच झाड करायला जाणाऱ्यांना माझा नमस्कार. छत्रीसारखी पसरू द्यावी. तारही जपून. वसंतात मेपलची काडी इतकी भरभर जाड होते की तार सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही.

‘सांगोकाकू’ हिवाळ्यात पोवळ्यासारखा लाल, म्हणून हवाहवासा. त्याच लाल काड्यांवर जिवाणूंचे काळे डाग पडतात आणि त्या टोकाकडून वाळत जातात. खाली निरोगी लाकडापर्यंत कापावं, दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. सुकलेली फांदी कापल्यावर लाकडात काळपट रेघा दिसल्या तर मात्र मामला मर रोगाच्या बुरशीचा असू शकतो. ती मातीतून येते आणि औषध नाही. त्या जागी पुन्हा मेपल लावू नये.

एक प्रश्न प्रत्येक जण विचारतो : दिवाणखान्यात ठेवता येईल का? नाही. याला हिवाळ्याची झोप लागतेच. उबेत ठेवलं तर जागरणाने जातं. कडाक्यात उघड्यावर ठेवलं तर कुंडीतली मुळं गोठतात, कारण मुळं फांद्यांइतकी सोशिक नसतात. गारठ्यात हवं, पण गोठता कामा नये.

आणि हे सगळं कशासाठी, तर ‘देशोजो’ची पालवी. वसंतात अख्खं झाड लालभडक, पानाला बोट लावायची भीती वाटावी इतकं कोवळं. दोन-तीन आठवडे. मग तो लाल रंग मावळतो आणि उन्हाळ्यापर्यंत झाड चारचौघांसारखं हिरवं. पाहुणे नेमके तेव्हा येतात. झाडाभोवती एक फेरी मारतात, पाटी मोठ्याने वाचतात आणि विचारतात, “मेपल लाल असतो ना?”