साठ हजारांचा भागाकार बरोबर, पण मात्रा कोणती?

घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या मंडळींमध्ये एक तक्ता सतत इकडून तिकडे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांच्या संख्येने, भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात, त्याची दीडपट म्हणजे डॉटेड (टिंब देऊन लांबवलेला) स्वर आणि तिसरा हिस्सा म्हणजे ट्रिपलेट (त्रिकुटातला एक स्वर), उत्तर जवळच्या दहात पूर्ण केले तरी कानाला फरक कळत नाही, आणि हेच आकडे डिले (आवाजाचे पडसाद देणारा), रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा नाद देणारा) व कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारा) या तिघांना दिले की मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणे, आपोआप स्वच्छ होते. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात, त्यामुळे भागाकाराबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. १२० बीपीएमला ५०० मिलिसेकंद येणारच. हरकत आहे ती या उत्तराला जे नाव दिले जाते आणि त्याच्याकडून जी कामे करून घेतली जातात, त्यांना.

पहिला मुद्दा ‘एका मात्रेचे’ या शब्दांचा. योहान मेल्त्सेल याने १८१५ मध्ये मेट्रोनोमचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर रूढ झालेल्या लयनिर्देशात आकड्याआधी कोणता स्वर मोजायचा ते चिन्ह लिहिले जाते: क्वार्टर नोट (पाश्चात्त्य लिपीतला पाव स्वर) बरोबर १२०, किंवा डॉटेड क्वार्टर बरोबर ६०. तक्त्याने हे चिन्हच गाळले आहे. मिडी फाइलमध्ये (संगणकासाठी स्वर लिहून ठेवणाऱ्या फाइलमध्ये) लय साठवली जाते तीही ‘एका क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद’ अशीच; काहीच लिहिलेले नसेल तर ५,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे १२० बीपीएम, गृहीत धरले जातात. क्वार्टर नोट ही प्रत्येक वेळी आपली मात्रा असतेच असे नाही.

दादऱ्यातले एखादे भावगीत घ्या. ‘धा धी ना, धा ती ना’ हे सहा मात्रांचे आवर्तन दोन सेकंदांत पूर्ण होत असेल, तर तबलजी मिनिटाला १८० मात्रा वाजवतो आणि एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची होते. हेच गाणे सहा-आठच्या मापात (सहा एट्थ नोटांच्या गटात) लिहिले की मात्रा एट्थ नोट, म्हणजे क्वार्टरच्या निम्मी, होते, क्वार्टर नोटमध्ये दोन मात्रा बसतात आणि सॉफ्टवेअर ९० हा आकडा दाखवते. समोर बसलेला श्रोता मात्र सम (पहिली मात्रा) आणि काल (चौथी) या दोनच जागांवर पायाने ठेका धरतो. त्याच्या हिशेबाने लय ६० आहे. लय एकच, आकडे तीन. तक्त्यात ९० घातल्यास ६६७ मिलिसेकंद येतात, आणि तेवढा डिले समेच्या ‘धा’ला लावला तर त्याचे पडसाद तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात, चौथ्या मात्रेवरचा काल मधल्यामध्ये सुटतो. हा दोनास तीनचा खेळ मुद्दाम केला तर सुंदर लागतो. नकळत झाला तर गायकाला कुठेतरी अडखळल्यासारखे वाटते आणि दोष बिचाऱ्या तबल्यावर जातो. ६० घालून त्याचा अर्धा, म्हणजे ५०० मिलिसेकंद, वापरले तर पडसाद दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या बरोबर मध्ये येतो. म्हणून भागाकार करण्यापूर्वी आपण काय मोजत आहोत ते ठरवावे लागते, आणि ते तक्ता ठरवू शकत नाही.

दुसरा मुद्दा ट्रिपलेटचा, आणि इथे तक्ता सरळ चुकतो. क्वार्टर नोटचा तिसरा हिस्सा म्हणजे एट्थ ट्रिपलेट. क्वार्टर ट्रिपलेट म्हणजे क्वार्टर नोटचे दोन तृतीयांश. १२० बीपीएमला पहिला आकडा १६६.६७ येतो आणि दुसरा ३३३.३३. मौज अशी की हा गोंधळ आपल्याकडे व्हायला नको होता. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या वरच्या परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्याने तिगुन आणि आड या दोन्ही लयी हातावर टाळी देऊन म्हटलेल्या असतात. एका मात्रेत तीन बोल ही तिगुन, दोन मात्रांत तीन बोल ही आड. एट्थ ट्रिपलेट ही तिगुन आहे, क्वार्टर ट्रिपलेट ही आड. तक्ता दोन्हींना एकच आकडा देतो. शिवाय ‘दीडपट’ हा शब्दही इथे फसवतो: डॉटेड स्वराची लांबी दीडपट होते, म्हणून ५०० चे ७५०, आड लयीत मात्र गती दीडपट होते, म्हणून लांबी दोन तृतीयांशावर उतरते. एक गुणिले दीड, दुसरे भागिले दीड. हे वाक्य संगणकाशेजारी चिकटवून ठेवले तरी तक्त्याची निम्मी गरज संपते, असे माझे मत आहे.

आकडे दहात पूर्ण करण्याचा सल्ला अर्धा खरा आहे. ९२ बीपीएमचे उत्तर ६५२.१७ आहे, ते ६५० केले तर डिलेच्या पहिल्या पडसादात २ मिलिसेकंदांची आणि सहाव्यात १३ मिलिसेकंदांची चूक राहते, आणि गायकाचा पुढचा शब्द आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एवढ्याने काही बिघडत नाही. पण त्याच आकड्यावर ठेक्याचा लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तुकडा) कापला आणि तो एकामागून एक जोडत गेलात, तर चूक साठत जाते. चार मिनिटांत ९२ बीपीएमच्या ३६८ मात्रा होतात आणि लूप ८०० मिलिसेकंद पुढे निघून जातो, म्हणजे एका मात्रेहूनही अधिक. ६५२ धरले तरी ६४ मिलिसेकंदांचा फरक राहतोच. लूपची लांबी आकड्याने कापूच नये, सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या रेघांवर, कापावी.

तक्त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे: गाण्याची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असते. क्लिक ट्रॅकवर (कानात एकसारख्या पडणाऱ्या ठोक्यांवर) वाजवलेल्या गाण्यात ती असते. गायक आणि तबलजी समोरासमोर बसून वाजवतात तेव्हा अंतऱ्यात लय थोडी चढते, आणि ती चढावी अशीच अपेक्षा असते. १०० वरून १०४ ला गेलेल्या गाण्यात मात्रा ६०० मिलिसेकंदांवरून ५७७ वर येते. ६०० वर बांधलेला डिले पहिल्याच पडसादाला २३ मिलिसेकंद मागे राहतो आणि पाचव्याला ११५. दशांशाची काळजी करणाऱ्यांनी आधी ही चूक पाहावी. उपाय म्हणजे प्रत्येक समेवर खूण करून सॉफ्टवेअरला आवर्तनागणिक लय काढू देणे आणि डिलेला मिलिसेकंदांऐवजी त्या लयीशी जोडणे.

आता रिव्हर्ब. डिलेच्या पडसादाला सुरुवात असते, म्हणून तो मात्रेवर पडला की नाही हे ऐकू येते. रिव्हर्बच्या शेवटाला अशी कोणतीही खूण नसते. त्यावर लिहिलेला दोन सेकंदांचा अवधी म्हणजे नाद ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ. पण गाण्यात बाकीची वाद्ये चालू असतात आणि नाद साधारण २० डेसिबल उतरला की त्यांच्याखाली बुडतो. नाद एकसारखा उतरत असेल तर हे ६६७ मिलिसेकंदांतच घडते. १२० ला एका पूर्ण बारइतका, म्हणजे चार क्वार्टर नोटांइतका, रिव्हर्ब ‘जुळवला’ म्हणणाऱ्याला तो बारच्या तिसऱ्या हिश्श्यात संपलेला ऐकू येतो. प्री-डिलेबद्दल (मूळ आवाज आणि रिव्हर्बची सुरुवात यांतल्या अंतराबद्दल) तर बोलायलाच नको: १२० ला चौसष्टांश स्वर ३१.२५ मिलिसेकंदांचा आणि त्याचा निम्मा १५.६ चा, इतके बारीक तुकडे केले की कोणताही आकडा कशाच्या तरी जवळ बसतोच.

कॉम्प्रेसरची अडचण आणखी वेगळी आहे. रिलीजचे (दाबलेला आवाज पुन्हा सोडण्याचे) २५० मिलिसेकंद म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने मोजतो. कोणी दोन तृतीयांशाच्या आसपास सुटेपर्यंतचा वेळ धरतो, कोणी ठरावीक डेसिबल परत येईपर्यंतचा. टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए या प्रसिद्ध कॉम्प्रेसरमध्ये निम्मी सुटका सुमारे ६० मिलिसेकंदांत होते आणि उरलेलीला अर्ध्यापासून पाच सेकंदांपर्यंत कितीही वेळ लागतो. त्यावर रिलीजची कळच नाही. तक्त्यातला आकडा लिहायचा कुठे?

राहिला शेवटचा दावा, की जुळलेला डिले नेहमी स्वच्छ लागतो. तो लागतो, कारण बहुतेक वेळा तो ऐकूच येत नाही. मात्रेवर पडणाऱ्या पडसादावर त्याच क्षणी नवा बोल किंवा नवा शब्द येऊन बसतो. डॉटेड एट्थ, म्हणजे १२० ला ३७५ मिलिसेकंद, इतका लोकप्रिय आहे तो पडसाद मात्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत टाकतो म्हणून. १९७४ साली आलेल्या रोलंडच्या आरई-२०१ या टेपवरच्या एको यंत्राला मिलिसेकंद दाखवणारी पट्टी नव्हती. पुनरावृत्तीची कळ फिरवून, गाण्याबरोबर ऐकून जागा शोधावी लागे. ३७५ वर सुरुवात करून मी आजही माझ्या डिलेची कळ तशीच फिरवतो, आणि गायकाचा श्वास जिथे पडतो तिथे पडसाद पोहोचला की थांबतो, मग पट्टीवर ३९० का असेना.