मालक, प्रश्न कसा वाटला?

माणसाला त्याच्या तब्येतीबद्दल विचारलं की तो बोलत सुटतो. कारखान्याच्या मालकाला कामगारांच्या तब्येतीबद्दल विचारलं की तो आधी चहा मागवतो, मग बोलतो. पण 'कामगारांच्या तब्येतीबद्दल आम्ही जे प्रश्न विचारणार आहोत, ते प्रश्न तुम्हाला कसे वाटतात?' असं विचारलं, की सोलापुरातला मालक आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या पिशवीकडे बघतो आणि म्हणतो, "ईएसआयकडनं आलात काय?" (ईएसआय म्हणजे कामगारांच्या आजारपणाची सरकारी विमा योजना. हप्ता मालकालाही भरावा लागतो.)

माझी नोकरी हीच. आमच्या संस्थेने कामाच्या जागेचं आरोग्य मोजणारी एक प्रश्नावली केली होती आणि ती सुधारण्यासाठी मालकांचे अभिप्राय हवे होते. तिचं मूळ अमेरिकेत. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये कंपन्यांसाठी 'वर्कसाइट हेल्थ स्कोअरकार्ड' काढलं. २०१९ च्या आवृत्तीत १८ विभाग आणि १५४ प्रश्न आहेत. कंपनीने हो-नाही करत जायचं, गुण मिळवायचे आणि आपण कुठे कमी पडतो ते बघायचं. चांगली गोष्ट आहे. तिकडच्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे, एवढंच. ते आमच्या संस्थेत कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर पुण्याच्या ऑफिसातच राहिलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यापासून सुरुवात केली. पहिलाच रकाना कामगारांच्या संख्येचा.

"नऊ," मालक म्हणाले.

मागच्या शेडमध्ये नजर टाकेल त्याला नऊ डोकी एका कोपऱ्यातच दिसली असती. १० कामगार झाले की ईएसआय लागू होतं, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

"आणि ते बाकीचे?"

"ते भावाचे. मधी भिंत हाय की."

भिंत होती. तिला दारही होतं.

मी त्यांना समजावलं, की मला उत्तरं नकोत, प्रश्नांवर मत हवंय, आणि तुमचं नाव गुप्त राहील. इथे संभाषण बिघडलं. "गुप्त कशापायी? आमी काय चोरी केलीय?" मग त्यांनी माझंच नाव, गाव आणि ओळखपत्र दोनदा तपासलं. गुप्ततेची हमी देऊन संशय वाढवायचा असेल तर याहून सोपा उपाय नाही.

तरी प्रश्न वाचायला लागले. 'कर्मचाऱ्यांनी लिफ्टऐवजी जिना वापरावा म्हणून फलक लावले आहेत का?' मालकांनी वर पाहिलं. वर पत्रा होता. "मॅडम, म्हंजे आधी मजला चढवायचा, मग लिफ्ट बसवायची, आणि मग ती वापरू नका म्हणून बोर्ड लावायचा. खर्च कुणाचा?" मी तो अभिप्राय जसाच्या तसा उतरवला. माझ्या मते संपूर्ण अहवालातली ती सर्वांत नेमकी सूचना होती.

'कॅन्टीनमधल्या पौष्टिक पदार्थांवर खूण केलेली असते का?' कॅन्टीन नव्हतंच. कामगार घरून ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आणतात. खुणा होत्या, पण डब्यांवर, डबा कुणाचा ते कळावं म्हणून. 'कामगारांना पुरेशी झोप मिळते का?' यावर मालक बराच वेळ विचार करून म्हणाले, "इथं का घरी?"

सगळेच इतका विचार करत नाहीत. एका गारमेंटवाल्यांनी (शाळेचे गणवेश शिवतात, सोलापूरचे गणवेश कुठकुठल्या शाळांत जातात ते ऐकलं तर थक्क व्हाल) कागद सरळ दिवाणजींकडे सरकवला. दिवाणजींनी चहा निवायच्या आत सगळीकडे 'हो' वर टिक करून कागद परत दिला. त्यात 'स्तनदा मातांसाठी स्वतंत्र खोली आहे' हेही होतं.

"पण तुमच्याकडे एकही बाई कामाला नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर आजपर्यंत तक्रार नाही."

मला वाटलं होतं, विडी कारखान्याची शाखा सोपी जाईल. शिस्तीचं काम, रजिस्टरं, पासबुकं. पण तिथे प्रश्नावलीच आडवी आली. कामगार बाया शाखेतून पानं आणि तंबाखू नेतात, घरी विड्या वळतात आणि मोजून परत आणून देतात. शाखेत कामाला म्हणावेत असे चार-दोन कारकून आणि माल तपासणारे. मॅनेजर म्हणाले, "कामाची जागा म्हणून काय लिहू, सांगा तुम्हीच. कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं आहेत. तिथल्या उंबऱ्याउंबऱ्याचं आरोग्य मी कसं सांगणार?" कामाला जागाच नसेल तर जागेचं आरोग्य कुठून मोजायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या बायांची मान, कंबर, डोळे, पानं कापून सोललेली बोटं, नाकातोंडात जाणारी तंबाखूची धूळ हे सगळं आमच्या एकाही विभागात बसत नव्हतं.

बसत होता तो एकच प्रश्न, आणि तो वाचताना माझाच आवाज खाली गेला. 'आपला परिसर तंबाखूमुक्त आहे का?'

मागे तंबाखूची पोती थप्पीने रचलेली. मॅनेजर जराही हलले नाहीत. "इथं कुणी ओढत नाही, मॅडम. सगळा वाळलेला माल आहे. काडी ओढायची सोय नाही."

खरा अभिप्राय मिळाला तो मात्र कुणा मालकाकडून नाही. एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये आवाजाचा प्रश्न विचारत होते आणि मालकांना तोच ऐकू येत नव्हता. ८ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा आहे. तिथे मर्यादेलाही कानात बोळे घालावे लागले असते. त्यांनी खुणेने लूमची देखभाल करणाऱ्या जॉबरला बोलावलं. चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, मालकांशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत, आणि दोन्ही भाषा ओरडून. आम्ही बाहेर नळापाशी आलो. मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतलाच नाही.

"तुमी ह्यात उन्हाचं काय इचारलंय?"

काहीच नव्हतं. फ्लूच्या लशीचं होतं.

"मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहून बघा. पंखा लावावा तर बारीक कापूस उडतोय, खिडकी उघडावी तर वाऱ्यानं सूत कोरडं पडून तुटतंय. मग आमी शिजतोय. आन सुट्टी संपवून पयल्या दिवशी कामावर आलं की छाती धरती, दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय. ह्ये का नाही इचारत बे कोणी?"

सोलापुरात 'बे' मायेनंही येतो आणि रागानंही. हा दोन्हीचा होता. सुती धुळीमुळे फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून येणं हीच त्याची जुनी ओळख. १५४ प्रश्नांतून मला जे कळलं नसतं, ते त्यांनी नळ बंद करता करता सांगितलं.

मी सगळं लिहून पाठवलं. पुण्याहून फोन आला. "छान गुणात्मक माहिती आहे. पण एक्सेलमध्ये बसत नाहीये. मालकांनी प्रश्नांना १ ते ५ मध्ये गुण दिलेत का?" मी म्हटलं, लिफ्टच्या फलकाला किती द्यायचे ते मालकांना कळलं नाही, कारण शून्य यादीत नव्हतं.

काही महिन्यांनी सुधारित प्रश्नावली आली. जॉबरचं ऊन आणि छाती शेवटच्या पानावर 'इतर सूचना' नावाच्या दोन ओळींत राहायला गेली होती. बाकी प्रश्न जागच्या जागी होते. अभिप्रायांचा मान राखून एक मोठी सुधारणा मात्र केलेली होती. 'हो' आणि 'नाही' यांच्या शेजारी तिसरा चौकोन आला होता: 'लागू नाही'.

विडीच्या शाखेतल्या मॅनेजरना तो फार आवडला. "ह्याला म्हणतात सुधारणा," ते म्हणाले, आणि पेन न उचलता वरपासून खालपर्यंत तोच चौकोन भरत गेले. तंबाखूच्या प्रश्नापुढेही.