लिऊ मरते, तरी ‘तुरांदोत’ला प्रेमकथा का म्हणायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘तुरांदोत’ या ऑपेराच्या, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाच्या, कथानकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “राजकन्येनं पण लावायचा, परक्या राजपुत्रानं तो जिंकून तिला न्यायचं, मध्ये एका दासीचा बळी जायचा, ही प्रेमकथा कशी?” त्या दासीचा, म्हणजे लिऊचा, मृत्यू मी एका वाक्यात गुंडाळला, हीही तुमची तक्रार आहे. ती पूर्ण मान्य, चूक माझीच. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी अर्धीच तुमच्या बाजूची आहे.

राजकन्या तुरांदोतचा पण असा: तीन कोडी सोडवेल त्याच्याशी लग्न, चुकेल त्याला मृत्यू. परका राजपुत्र कालाफ तिन्ही कोडी सोडवतो. उत्तरं: आशा, रक्त आणि तुरांदोत. हरलेली राजकन्या बापाला विनवते, मला याच्या हाती देऊ नका. सम्राट म्हणतो, शपथ ती शपथ. तिला नुसतं जिंकून न्यायचं असतं, तर गोष्ट दुसऱ्या अंकातच संपली असती. पण कालाफ तिला शपथेतून मोकळं करतो आणि उलट स्वतःचं कोडं घालतो: उजाडायच्या आत माझं नाव शोधून सांगितलंस, तर मी मरायला तयार आहे.

त्याच्या या दिलदारपणाची किंमत मात्र इतरांनी मोजायची आहे, आणि इथे तुमचा राग अगदी रास्त आहे. नाव कळेपर्यंत पेकिंगमध्ये कुणी झोपायचं नाही, नाहीतर देहदंड, असं फर्मान निघतं. ‘नेस्सुन दोर्मा’ (‘कुणीही झोपू नये’) हे कालाफचं त्याच रात्रीचं गाणं. ऑपेरा गायक पावारोत्तीच्या आवाजात १९९० च्या फुटबॉल विश्वचषकामुळे ते जगभर घरोघरी पोचलं, आणि सगळ्यांच्या लक्षात राहिली ती शेवटची विजयाची आरोळी. तिच्या जरा आधी दुरून बायकांचा कोरस येतो, तो ऐका. त्याचं नाव कुणालाच कळणार नाही आणि आम्हाला मरावं लागणार, असं त्या गातात. नायक विजयाची स्वप्नं बघतोय आणि त्याच्याच गाण्यात शहर भेदरलेलं आहे. पुच्चिनीनं ते लपवलेलं नाही.

आता लिऊ. कालाफचं नाव सांगावं म्हणून तिचा छळ होतो, पण ते न सांगता ती स्वतःचा जीव घेते. ऑपेरा ज्यावर बेतलाय, त्या गोत्सी या नाटककाराच्या १७६२ च्या मूळ नाटकात ती नाहीच. तिथे अदेल्मा नावाची बंदिवान राजकन्या आहे, तिला कालाफ स्वतःसाठी हवा असतो. लिऊला काहीच नको. राजवाड्यात एकदा तो तिच्याकडे बघून हसला होता, तेवढ्यावर ती त्याच्या आंधळ्या, राज्य गमावलेल्या बापाला हाताला धरून चालत राहिली. १९०९ मध्ये पुच्चिनीच्या घरातल्या दोरिया मानफ्रेदी या कामवालीनं, त्याच्या बायकोनं घेतलेल्या खोट्या आळामुळे, आत्महत्या केली होती. लिऊमध्ये अनेकांना तिची सावली दिसते. मलाही दिसते.

लिऊ गेल्यावर प्रेमाचा शेवट कसा गोड करायचा, हे पुच्चिनीला अखेरपर्यंत सुटलं नाही. २९ नोव्हेंबर १९२४ ला ब्रुसेल्समध्ये तो गेला, तेव्हा शेवटच्या प्रवेशाची फक्त टिपणं शिल्लक होती. त्यांवरून आल्फानो या संगीतकारानं तो प्रवेश पुरा केला. २५ एप्रिल १९२६ ला मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात पहिल्या प्रयोगाला वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीनं लिऊच्या मृत्यूनंतर संगीत थांबवलं. म्हणजे तुम्हाला जे खटकलं, ते खुद्द संगीतकारालाही अडलं होतं.

शेवटच्या प्रवेशात कालाफ तुरांदोतचं जबरदस्तीनं चुंबन घेतो, त्याची बाजू मी घेणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. कालाफ आपणहून तिला नाव सांगतो. आता ती त्याला मारू शकते. दरबारात जाऊन ती म्हणते, याचं नाव प्रेम. हा शब्द तिला कुणी दिला? छळ सोसणाऱ्या लिऊला तिनं विचारलं होतं, तुझ्या मनात एवढं बळ कुठून आलं? लिऊचं उत्तर होतं: प्रेम. सकाळी तुरांदोत देते ते लिऊचंच उत्तर. म्हणून मी प्रेमकथा म्हणाले, आणि ती मुख्यतः लिऊची.

जमलं तर आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी १९७२ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण ऐका. त्यात लिऊ मोन्सेरात काबाय्येनं गायली आहे. मूळ लेखात लिऊवरचा परिच्छेद मी आज रात्री घालते.